बेल दाबली, पण पुढे सांगायचं काय?

पहाटे पाचची वेळ. वॉर्डातले दिवे मंद आहेत. रात्रपाळीच्या सिस्टर सकाळच्या तपासण्यांसाठी रक्त काढण्यात गुंतल्यात. बेडशेजारी चटई टाकून पडलेल्या सुनेचा नुकता डोळा लागलाय. उजवी बाजू गेलेले सासरे जागे होतात, त्यांना लघवीला लागलेली असते. ते म्हणतात, "चहा... चहा..." सून अर्धवट झोपेत म्हणते, "बाबा, सहाला येतो चहावाला, झोपा थोडं." ते आणखी दोनदा तेच म्हणतात, आवाज चढवतात, मग गप्प होतात. दहा मिनिटांनी ते डावा पाय बेडखाली सोडतात.

घटनेच्या नोंदीत ओळ येते, 'रुग्ण कोणालाही न सांगता उठला व पडला.' पक्षाघाताच्या वॉर्डात असे प्रसंग घडतात आणि त्यांच्या नोंदीत ही ओळ सर्रास असते. ती खरी नाही. त्यांनी तीनदा सांगितलं होतं. म्हणायचं होतं 'लघवी' आणि तोंडातून आलं 'चहा'. वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन शब्द सापडणं किंवा समजणं बिघडतं तेव्हा, एका शब्दाच्या जागी दुसरा येणं रोजचं आहे, आणि आपण भलताच शब्द बोललो हे रुग्णाला पुष्कळदा कळतही नाही.

हा सगळा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. बोलता न येणारा रुग्ण पडतो तेव्हा तो बहुतेकदा काहीतरी करायला निघालेला असतो, आणि ते काय हे आपल्यापर्यंत पोचलेलं नसतं. म्हणून त्याचं पडणं टाळायचं काम रेलिंग वर करण्यापासून सुरू होत नाही. ते त्याचं म्हणणं ओळखण्यापासून सुरू होतं.

पक्षाघात झालेल्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला वाचाघात होतो. बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं आणि तोच भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, त्यामुळे उजवा हात-पाय आणि वाचा ही जोडी पुष्कळदा एकत्र जाते. जीभ जड होणं ही वेगळी गोष्ट. त्यात उच्चार अस्पष्ट होतात, पण शब्द शाबूत असतात, समजही शाबूत असते. अशा माणसाला पाटी दिली तर तो लिहून दाखवतो. वाचाघातात पाटीवरही तेच अडतं जे तोंडात अडतं. हा फरक नातेवाइकांना कोणी सांगत नाही. मग दोन्ही प्रकारच्या रुग्णांशी मोठ्या आवाजात बोललं जातं, जणू त्यांना ऐकूच येत नाही.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या २० रुग्णालयांचे केसपेपर तपासून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. संवादाची अडचण असलेल्या रुग्णांना टाळता येण्याजोगी इजा होण्याचा धोका इतरांच्या तिप्पट निघाला. यात फक्त पडणं नव्हतं, औषधांच्या चुका वगैरे सगळंच होतं. तरीही आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता धोका मोजण्याच्या तक्त्याकडे येऊ, कारण पहिली गफलत तिथेच होते. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णालयांत नर्सिंगच्या कागदांत मोर्स फॉल स्केल असतो. त्यात सहा गोष्टी: आधी पडल्याचा इतिहास २५ गुण, दुसरा आजार १५, काठी-वॉकरचा आधार १५ किंवा फर्निचर धरून चालणं ३०, सलाइन २०, चाल १० किंवा २०, आणि मनाची स्थिती १५. बेरीज ४५ च्या पुढे गेली की सहसा रुग्ण जास्त धोक्याचा धरतात. सहावा मुद्दा नीट वाचा. त्यात रुग्णाला विचारायचं असतं, "बाथरूमला एकटे जाल की मदत लागेल?" उत्तर डॉक्टरांच्या सूचनेशी जुळलं तर शून्य, नाही जुळलं तर १५.

वाचाघाताचा रुग्ण या प्रश्नाला "हो" म्हणतो. कशाला हो? एकटे जायला की मदतीला? सिस्टर घाईत असतात, रुग्ण शांत दिसतो, शून्य लिहिलं जातं. मग हिशेब असा होतो: ब्लडप्रेशर किंवा मधुमेह सोबत आहे म्हणून १५, सलाइन चालू म्हणून २०, बेडवरच आहे म्हणून चालीचे आणि आधाराचे शून्य. एकूण ३५. ज्याला मदत मागता येत नाही तो माणूस कमी धोक्याच्या गटात जाऊन बसतो. त्याच प्रश्नाला प्रामाणिकपणे 'उत्तर भरवशाचं नाही' म्हणून १५ दिले असते तर बेरीज ५० झाली असती. एका रकान्याच्या नोंदीने धोक्याचा गटच बदलतो. स्ट्रॅटिफाय हा दुसरा प्रचलित तक्ता पाहा, त्यात चालणं आहे, नजर आहे, वारंवार लघवीला जाणं आहे, अस्वस्थता आहे, पण संवादाचा रकाना तिथेही नाही. माझं ठाम मत असं की ज्या रुग्णाचं हो-नाही पक्कं नाही, त्याची बेरीज कितीही येवो, तो जास्त धोक्याचाच धरावा.

हो-नाही पक्कं आहे की नाही हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत असे सहा प्रश्न घ्यायचे. तीन प्रश्नांचं उत्तर 'हो' हवं, तीन प्रश्नांचं 'नाही', आणि क्रम मिसळायचा. "तुमचं नाव वसंत आहे?" (नाव वेगळं असताना.) "हा पंखा आहे?" "आपण आत्ता बाजारात आहोत?" सहापैकी सहा बरोबर आली तर विश्वास ठेवा. चार बरोबर आली तर ते जवळजवळ नाणेफेकीसारखंच आहे. सगळ्याला "हो हो" येत असेल तर तो 'हो' सवयीचा आहे, उत्तर नाही. हीच परीक्षा संध्याकाळी पुन्हा घ्यायची, कारण थकल्यावर फरक पडतो.

मानेच्या खुणेवर एकट्यावर विसंबू नका. आपल्याकडे मान डोलावण्याचे इतके प्रकार आहेत की धडधाकट माणसाची मान हो म्हणते का 'बघू' म्हणते हे बाहेरच्याला कळत नाही, मग इथे तर मान आणि तोंड दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात. तोंड 'नाही' म्हणतं आणि मान होकार देते, असं वरचेवर दिसतं. त्यापेक्षा दोन कार्डं बरी: एकावर बरोबरची हिरवी खूण, एकावर लाल फुली. डाव्या हाताने बोट ठेवायला सांगायचं आणि त्याने ठेवलेलं बोट आपण मोठ्याने बोलून पक्कं करायचं, "लघवीला जायचंय, बरोबर?"

आता कोण कसा पडतो ते. वाचाघात म्हणजे एकच प्रकार नव्हे.

पहिल्या प्रकारात समज बऱ्यापैकी असते, शब्द फुटत नाहीत. असा रुग्ण आपल्या अवस्थेला जाणतो, वैतागतो, रडतो. उजवा पाय उचलत नाही हे त्याला माहीत आहे, पण लघवी आवरत नाही हेही माहीत आहे, आणि दोनांपैकी दुसरं जास्त निकडीचं वाटतं. तो बेडच्या कडेला घसरत येऊन, उभा राहताना उजव्या बाजूला कोसळतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. हा रुग्ण भराभर बोलतो, सूर बरोबर, पण शब्द भलतेच. इतरांचं बोलणंही त्याला नीट समजत नाही. हात-पायांची ताकद पुष्कळदा चांगली असते, त्यामुळे तो चालू लागतो. वॉर्डात त्याला 'भ्रमिष्ट' म्हणून बाजूला ठेवलं जातं आणि झोपेचं औषध दिलं जातं. औषध उतरेपर्यंत तोल जातो, आणि तो पडतो. शिवाय अनेकांची उजवीकडची नजर गेलेली असते, उजवीकडचं टेबल, सलाइनचा स्टँड, दाराची चौकट दिसत नाही, पण दिसत नाही हे सांगता येत नाही.

तिसरा प्रकार वाचाघाताचा नव्हेच. मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेला, डावी बाजू गेलेली, बोलणं स्वच्छ. विचारलं की म्हणतात, "मला काही झालेलं नाही, मी चालतो की." डाव्या बाजूकडे त्यांचं लक्षच जात नाही आणि स्वतःच्या अशक्तपणाची जाणीव नसते. बोलणं स्वच्छ असल्यामुळे सगळे त्यांच्यावर विश्वास ठेवतात. एवढंच सांगून पुढे जातो, कारण त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल.

रुग्णाशी आपण कसं बोलतो यातही पडण्याचं बीज असतं. "उठू नका हं" हे वाक्य वॉर्डात दिवसाला पन्नासदा ऐकू येतं. मराठीत नकार शेवटी येतो. वाचाघातात वाक्याचा शेवट निसटतो, कानात राहतं ते 'उठू'. त्याऐवजी "बसून राहा" म्हणा, आणि हाताचा पंजा खाली दाबून दाखवा. "मी आल्याशिवाय उठू नका" यात तर दोन नकार आहेत. "थांबा. मी येते. मग उठू." तीन तुकडे, प्रत्येकानंतर दोन-तीन सेकंदांची विश्रांती. दुसरी गोष्ट क्रमाची. "उभं राहण्याआधी व्हीलचेअरचा ब्रेक लावा" असं सांगितलं की रुग्ण ऐकलेल्या क्रमाने करतो: आधी उभा राहतो. जे आधी करायचं ते आधी उच्चारा. "ब्रेक लावा." तो लावतो. "आता उभे राहा." उजवा-डावा हे शब्दही टाळा, त्या पायाला हात लावून "हा पाय" म्हणा.

भाषेचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत सिस्टर मल्याळी, वॉर्डबॉय हिंदी बोलणारा, रुग्ण आयुष्यभर मालवणीत किंवा अहिराणीत बोललेला. वाचाघात दोन्ही भाषांवर सारखाच परिणाम करेल असं नाही. एखाद्याला मराठीतली सूचना कळते, हिंदीतली नाही. रुग्ण घरी कोणत्या भाषेत बोलतो हे केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

बेलकडे येऊ. बेल उशीखाली, उजव्या हाताशी, किंवा मागच्या भिंतीवर लोंबकळत असते. उजवी बाजू गेलेल्या माणसाच्या डाव्या हाताशी ती असायला हवी, गादीच्या डाव्या कडेला क्लिपने अडकवलेली, आणि कूस बदलली की पुन्हा जागेवर आणलेली. बेल दाखवून "ही दाबा" म्हणणं पुरत नाही. हात धरून दाबायला लावा, सिस्टर येतात हे त्याला दिसू द्या, मग आपला हात काढून त्याला स्वतः दाबू द्या. असं तीनदा. दुपारी पुन्हा. ज्याला हे जमत नाही त्याला हातघंटी किंवा घुंगरांची पट्टी मनगटाला बांधा, बेडच्या रेलिंगवर आपटता येईल असा स्टीलचा चमचाही चालतो.

बेल दाबल्यावरचं पुढचं पाऊल तर कोणी पाहतच नाही. अनेक ठिकाणी बेलसोबत इंटरकॉम असतो. सिस्टर टेबलावरून विचारतात, "काय हवंय काका?" पलीकडे शांतता किंवा "चहा चहा". चुकून दाबली असेल असं समजून बेल बंद होते. या रुग्णांच्या बेडच्या नंबरापुढे टेबलावर लाल टिकली लावा आणि नियम ठेवा: हा दिवा लागला की विचारायचं नाही, चालत जायचं.

लघवी-शौचासाठीची खूण ठरवणं हे मला सगळ्यात मोलाचं काम वाटतं. करंगळी वर करणं ही खूण शाळेपासून आपल्या हाडीमाशी आहे. मुद्दाम करायला सांगितली की कधीकधी जमत नाही, पण गरज लागली की आपसूक येते. प्रत्येक वेळी पॉट देताना नर्स आणि नातेवाईक दोघांनी करंगळी दाखवून "लघवी?" म्हणायचं. दोन दिवसांत पुष्कळांची खूण पक्की होते. जोडीला चित्रांची पाटी. घाऊक छापलेल्या पाट्यांवर ३०-४० चित्रं असतात, ती गोंधळात टाकतात. सहा पुरेत: लघवी, शौच, पाणी, दुखतंय, बसायचंय, घरच्यांना बोलवा. लघवीचं चित्र सगळ्यात वर. परदेशी कमोडचं रेखाचित्र नको, त्याच वॉर्डातल्या युरिन पॉटचा किंवा कमोडखुर्चीचा मोबाइलने काढलेला फोटो घ्या. चित्रं एकाखाली एक उभी लावा. उजवीकडची नजर गेलेली असेल तर आडव्या ओळीतलं शेवटचं चित्र दिसतच नाही. पाटी लॅमिनेट करून डाव्या रेलिंगला दोरीने बांधा.

आणि तरीही, विचारण्याची वाट पाहू नका. दिवसा दर दोन तासांनी पॉट किंवा कमोडखुर्ची द्या, जेवणानंतर, झोपताना आणि पहाटे चार-साडेचारला. लघवी वाढवणारं औषध दिल्यानंतर पुढचे दोन-तीन तास तर डोळ्यांत तेल घालून. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे. लघवीची घाई वाढलेली असते आणि रुग्ण घाबरून उठतो. कॅथेटर आत असतानाही लघवी लागल्यासारखं वाटतं, ते सांगता येत नाही, मग तो नळी ओढतो. डायपर लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका. आयुष्यभर बाथरूमला गेलेल्या माणसाला अंथरुणात करणं सहन होत नाही, तो उठतोच. लाजेचाही विचार करा. सुनेसमोर पॉट मागण्यापेक्षा सासरे उठून बाथरूम गाठायचा प्रयत्न करतील, मुलगा सोबत असलेली आजीही तसंच करेल. सोबतीला कोण बसतंय यात हे पाहा, किंवा निदान वॉर्डातल्या मदतनीस मावशी-मामांना वेळ ठरवून बोलावून ठेवा.

नाडी. पायजम्याची, परकराची गाठ एका हाताने सुटत नाही. रुग्ण कमोडपाशी पोचतो, गाठीशी झटतो, तोल जातो. पहिल्याच दिवशी नाडी काढून इलास्टिक घाला. गाऊन घोट्याच्या वर ठेवा. साडी नको. हवाई चप्पल अजिबात नको, लुळ्या पायातून ती निघते आणि त्याच्यावरच पाय पडतो. मागून पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घ्या. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी कपाटात असेल तर आजच मागवा.

रेलिंगचं काय? चारही बाजू वर केल्या की सुरक्षित वाटतं. उठायचंच ठरवलेला रुग्ण त्यावरून चढतो आणि आणखी जास्त उंचीवरून खाली येतो. डोक्याकडच्या दोन बाजू वर, पायाकडची चांगल्या बाजूची खाली, आणि बेड इतका खाली की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. बांधून ठेवणं तर फार वाईट. डाव्या हाताला बँडेजने रेलिंगशी बांधतात, नळी ओढू नये म्हणून. त्या माणसाचा तोच एक हात बोलत असतो, बेल, करंगळी, पाटी, सगळं त्याच हाताने. तो बांधला की त्याची वाचा पूर्ण गेली.

उभं करताना आधी कडेला दोन-तीन मिनिटं बसवा. आडव्याचं उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊ शकते, आणि "गरगरतंय" हा शब्द या रुग्णाकडे नाही. चेहरा फिका पडणं, नजर स्थिरावणं, हाताची पकड ढिली होणं हे बघा. खुर्ची चांगल्या बाजूला लावा, ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला, आणि तुम्ही लुळ्या बाजूला उभे राहा. हात धरून ओढू नका, खांद्याचा सांधा निसटतो. कंबरेला पट्टा बांधून तो धरा. बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका. आत पडलेला माणूस हाकही मारू शकणार नाही.

एवढं करूनही पडला तर? लगेच उचलू नका. कोणी पाहिलं नसेल तर डोकं आपटलंय असंच धरून चाला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना तत्काळ कळवा. शुद्धीचा ग्लासगो गुण काढताना बोलण्याचा रकाना या रुग्णात आधीच कमी असतो, म्हणून दाखल झाल्या दिवशीचा त्याचा आकडा लिहिलेला हवा, नाहीतर कमी झाला की होताच कमी, हे कळणार नाही. एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय का बघा. कंबर आणि मांडी हलकेच दाबताना चेहऱ्याकडे बघा, "दुखतंय का" या प्रश्नाला येणाऱ्या 'नाही'वर थांबू नका. लुळ्या बाजूचं हाड ठिसूळ झालेलं असतं आणि मोडतंही बहुतेक त्याच बाजूचं.

मग दोन-तीन तासांनी, रुग्ण शांत झाल्यावर, पाटी घेऊन बसा. 'रुग्ण काय करत होता' हा रकाना बहुतेक वेळा रिकामा किंवा 'सांगता येत नाही' असा भरला जातो. एक-एक चित्र दाखवा, उत्तर दोनदा तपासा, सोबतच्या नातेवाइकाला विचारा की त्याआधीच्या तासात तो काय म्हणत होता, कोणता शब्द पुन्हापुन्हा येत होता. शब्द 'चहा' असेल तर तो शब्द बेडच्या पाटीवर लिहा, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत: 'चहा म्हणाले तर आधी पॉट द्या.' पाळी बदलताना तीच ओळ तोंडी सांगा, आणि डिस्चार्जच्या दिवशी तो कागद फाडून न टाकता घरच्यांच्या हातात द्या.